ओट्याचा 'ग्रॅनाइट', दारातलं डबर आणि सातवीचा प्रकल्प

सिडकोकर

राम राम मंडळी. प्रश्न दगडांचा आहे, पण दोन्हीकडून अडकलोय म्हणून धागा काढतोय.

मुलगी सातवीत. शाळेकडून प्रकल्प आलाय: एक अग्निज खडक आणि एक रूपांतरित खडक घ्या, नमुने परिसरातून मिळवा, तुलना लिहा. अग्निजची चिंता नाही. नाशकात खाली वाकलं की बेसाल्ट हाताला लागतो, आमच्या तर दारातच पायाचं डबर पडलंय. रूपांतरित कुठून आणू?

घराचं काम चालू असल्यामुळे ओट्याच्या स्लॅबचा कापून उरलेला तुकडा घरात आहे. बिलावर 'ग्रॅनाइट'. पुस्तकात ग्रॅनाइट अग्निज, म्हणजे तोही बाद. पण पोरीने तुकडा धुतला, उन्हात धरला आणि म्हणाली, बाबा, यात लाटा आहेत. खरंच आहेत. पांढरट-करडे पट्टे, मधून काळ्या बारीक रेघा, आणि ठिकठिकाणी तांबूस गोल ठिपके. फोटो टाकलाय.

दुसरी अडचण गाईडातल्या तक्त्याची. अग्निज: कठीण. रूपांतरित: कठीण. अग्निज: जड. रूपांतरित: जड. अग्निज: जीवाश्म नसतात. रूपांतरित: जीवाश्म सहसा नसतात. ही तुलना आहे की झेरॉक्स? जाणकारांनी लिहावं.

तर्रीबाज

शाळेने प्रकल्प भंडाऱ्याहून मागवलेला दिसतो. आपल्याकडे इगतपुरीपासून येवल्यापर्यंत एकच दगड, तो काळा. बाकी चालू द्या. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

खडीवाला

सिन्नरकडे आमचा क्रशर आहे, म्हणून दोन शब्द. काळा दगड एकच हे तर्रीबाजांचं म्हणणं खाणीत उतरल्यावर टिकत नाही. वरचा मुरूम काढला की खाली कधी घट्ट, निळसर काळा पाषाण लागतो. घणाने खणखणतो, त्याची खडी एक नंबर. कधी मात्र भोकाभोकांचा, तांबूस, ठिसूळ माल निघतो, तो भरावाला जातो. त्या भोकांत पांढरे, कधी हिरवट, कधी फिकट गुलाबी खडे असतात. पूर्वी ते खडीबरोबर क्रशरमध्ये जायचे. आता चांगला खडा निघाला तर माणसं दारात गाडी घेऊन उभी असतात. ज्यांना बघायचेत त्यांनी सिन्नरला गारगोटी म्युझियममध्ये जावं, डोळे फिरतील.

रूपांतरित म्हणाल तर आमच्या खाणीत नाही.

गोदाकाठची

सिडकोकर, तुमच्या मुलीचं निरीक्षण पक्कं आहे. फोटो पाहिला. भूशास्त्राच्या हिशेबाने हा तुकडा ग्रॅनाइट नाही, नीस आहे, म्हणजे रूपांतरित. नमुना तुमच्या ओट्यावरच आहे.

दगडाच्या बाजारात दोनच खाती असतात. लिंबाने डाग पडतो तो मार्बल. पडत नाही, चांगली पॉलिश घेतो आणि सुरीने ओरखडत नाही तो ग्रॅनाइट. या दुसऱ्या खात्यात काहीही येतं. ब्लॅक गॅलेक्सी आंध्रातल्या चिमकुर्तीचा, तो गॅब्रोच्या घराण्यातला, बेसाल्टचाच जमिनीखाली सावकाश निवलेला भाऊबंद. काश्मीर व्हाइट येतो तमिळनाडूतून, काश्मीरशी त्याचा काही संबंध नाही, आणि तो रूपांतरित आहे. लाटालाटांचे बहुतेक 'ग्रॅनाइट' नीसच असतात. दुकानदार फसवतोय असं नाही, त्याला ओटा टिकाऊ व्हायला हवा आणि नीस टिकाऊ असतोच.

आता तुलना. गाईडचा तक्ता झेरॉक्स वाटतो, कारण तो दगड हातात कसा लागतो तेवढंच विचारतो. विचारायला हवं एकच: हा दगड आजच्या रूपात येताना द्रव होता की नव्हता?

बेसाल्ट होता. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांमधून अकराशे-बाराशे अंश सेल्सिअसचा लाव्हा वाहिला, थरावर थर साचले. आज दख्खनचा पठारी बेसाल्ट सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलाय आणि सह्याद्रीत त्याची जाडी दोन किलोमीटरच्या घरात जाते. उघड्यावर तो लवकर निवला, स्फटिकांना वाढायला वेळ मिळाला नाही. म्हणून दारातलं डबर नुसत्या डोळ्यांना एकसारखं काळं दिसतं. ताजा फुटलेला भाग ओला करून दहापट भिंगाखाली धरा. फेल्स्पार या खनिजाच्या बारीक चकाकणाऱ्या काड्या दिसतील, आडव्या, उभ्या, तिरप्या, कशाही पडलेल्या, आणि मधल्या फटींत पायरॉक्सिन हे काळपट खनिज. दिशा नाही. द्रवात स्फटिक वाढले आणि जिथे जागा मिळाली तिथे अडकले.

नीसचं उलट. तो आधीपासून दगडच होता, बहुधा ग्रॅनाइट किंवा गाळाचा खडक. पर्वत घडताना तो खोल गाडला गेला. दहा किलोमीटर खाली दाब आपल्या हवेच्या अडीच-तीन हजार पट असतो, आणि प्रत्येक किलोमीटरला उष्णता साधारण पंचवीस-तीस अंशांनी वाढत जाते. नीस व्हायला सहाशे अंशांच्या पुढे जावं लागतं. एवढ्या तापातही तो वितळला नाही. घन राहूनच जुनी खनिजं मोडली, नवी वाढली, आणि अभ्रकासारखी चपटी खनिजं दाबाला आडवी होऊन रांगेत लागली. तुमच्या मुलीच्या लाटा म्हणजे त्या रांगा. तांबूस ठिपके गार्नेट या खनिजाचे असावेत. ते आजूबाजूचं अभ्रक वगैरे खाऊन, घन दगडाच्या आत, जागा करत वाढतात. भिंगाखाली ठिपक्याभोवतीच्या काळ्या रेघा बघायला सांगा. बऱ्याचदा त्या ठिपक्याला वळसा घालून जातात.

वीटभट्टी आठवा. भट्टीत माती वितळत नाही, पण भाजलेल्या विटेचा पुन्हा चिखलही होत नाही. हे रूपांतर. भट्टीच्या पोटात जिथे आच फार लागते तिथे विटा पाघळून एकमेकींना चिकटतात, काचेसारख्या होतात. तिथे आपण अग्निजच्या हद्दीत शिरलो.

सिडकोकर

ताई, दंडवत. पोरीने स्वतः वाचलं. रेघा ठिपक्याला वळसा घालतात, सापडल्या तिला. तिचाच पुढचा प्रश्न: मग बेसाल्टचं रूपांतर होतच नाही का? की तो आधीच भाजलेला आहे म्हणून सुटला?

गोदाकाठची

होतं की. आणि तुलना करायची तर हीच जोडी सगळ्यात चांगली, कारण दोघांचा माल जवळपास एकच. बेसाल्टमध्ये सिलिका साधारण ४५ ते ५२ टक्के, शिवाय लोह, मॅग्नेशियम, कॅल्शियम. हाच दगड खोल गेला तर आधी हिरवट होतो, कारण पायरॉक्सिन जाऊन क्लोराइट, एपिडोट ही हिरवी खनिजं येतात. आणखी तापला की हॉर्नब्लेंड हे काळं खनिज वाढतं आणि काळा चमकदार अँफिबोलाइट होतो. त्याहून खोल, फार मोठ्या दाबात, लाल गार्नेट आणि हिरव्या पायरॉक्सिनचा एक्लोगाइट. रासायनिक परीक्षण केलं तर तिघे सख्खे, भिंगाखाली ओळख लागणार नाही.

कोलारच्या सोन्याच्या खाणी ज्या काळ्या दगडात होत्या तो असाच अँफिबोलाइट. मुळात लाव्हाच, पण सुमारे २७० कोटी वर्षांपूर्वीचा. त्याहून मजेशीर जागा चित्रदुर्गजवळ मराडीहळ्ळीला आहे. समुद्राखाली लाव्हा बाहेर पडला की त्याचे उशीसारखे गोळे होतात, एकावर एक रचलेले. मराडीहळ्ळीचे गोळे अडीचशे कोटी वर्षांपूर्वीचे. मधल्या काळात त्या दगडाचं रूपांतर झालं, खनिजं बदलली, रंग हिरवट झाला, पण उशांचा आकार आजही कडेकोट दिसतो. पुन्हा वितळला असता तर आकार राहिला असता का? भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने ती जागा राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक ठरवली आहे.

आपला बेसाल्ट सुटला तो भाजलेला म्हणून नाही. तो वय आणि जागा यांच्यामुळे सुटला. ६.६ कोटी वर्षं या धंद्यात फार नाहीत, आणि या काळात दख्खन कुठल्या पर्वताच्या पोटात चेपलं गेलं नाही. थर अजून बरेचसे आडवे आहेत. चांदवडपासून मनमाडपर्यंतच्या डोंगरांचे कडे बघा, लांबून पायऱ्या मोजता येतात.

द्राक्षमळा

ताई, एक विचारू का. आमच्याकडे निफाड तालुक्यात विहीर खोदताना काळा पाषाण, मग लाल भडक मऊ थर, मग पुन्हा काळा, असं लागतं. लाल थराच्या वरूनच पाझर फुटतो. आमचे वडील म्हणायचे, वरच्या लाव्ह्याने खालची माती भाजून काढली ती ही. मग भाजलं पण वितळलं नाही, म्हणजे हा रूपांतरित झाला की नाही? शाळेला परिसरातला नमुना मिळाला!

गोदाकाठची

प्रश्न भारी आहे. त्या थराला तांबडा बोल म्हणतात. एक प्रवाह निवला, पुढचा यायच्या आधी बराच काळ गेला, वरचा दगड हवापाण्याने कुजला, काही ठिकाणी ज्वालामुखीची राखही पडली. त्यात लोह गंजून लाल झालं. मग पुढचा लाव्हा वरून गेला. चिकणमाती असल्यामुळे पाणी त्यातून खाली सहज जात नाही, म्हणून तुमचा पाझर तिथे फुटतो.

वरच्या लाव्ह्याने भाजलं हे वडिलांचं म्हणणं पटण्यासारखं आहे, वरची काही बोटं तरी नक्कीच तापली असणार. पण लाल रंगाचं मुख्य कारण कुजणं. त्यात नवी खनिजं वाढून खडक पुन्हा बांधला गेलेला नाही, नखाने उकरता येतो. त्याला रूपांतरित म्हणून वहीत चिकटवू नका, गुण कापले जातील आणि बरोबरच कापले जातील.

खुसपटकाका

खुसपट काढणं हा धर्म असल्याने लिहितो. खडीवाल्यांच्या भोकांतले खडे म्हणजे स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट वगैरे झिओलाइट गटातली खनिजं. (ॲपोफिलाइटही असतो, तो काटेकोरपणे झिओलाइट नव्हे.) रूपांतराच्या पायऱ्यांत सर्वात खालच्या पायरीचं नावच झिओलाइट फेसीज. मग नाशिकचा भोकाभोकांचा बेसाल्ट रूपांतरित धरायचा का? गोदाकाठच्या ताई एवढ्या ठामपणे रेषा आखताहेत म्हणून विचारतोय. हलकेच घ्या.

गोदाकाठची

काका, तुमची वाटच पाहत होते. ;)

नाव तेच आहे, हे खरं. लाव्ह्यातले वायूचे बुडबुडे निवताना पोकळ्या म्हणून राहिले, पुढे दगडातून गरम पाणी फिरलं, त्याने विरघळलेली द्रव्यं आणून पोकळ्या भरल्या. वर नवे थर साचत गेले तसा खालच्या थरांना थोडा तापही लागला. सह्याद्रीत खालच्या आणि वरच्या थरांत वेगवेगळे झिओलाइट मिळतात. रूपांतराचा उंबरा इथेच आहे म्हणा. पण पोकळीबाहेरचा दगड बघा. फेल्स्पारच्या काड्या, पायरॉक्सिन, लोहाचे कण पुष्कळसे जसेच्या तसे, चुंबकाची सुई अजून हलते. जिथे मूळ दगड ओळखू येतो तिथे मी त्याला बेसाल्टच म्हणेन. सातवीच्या वहीत तर शंभर टक्के.

आणि हो, द्रव होता की नव्हता ही कसोटी ठाम असली तरी दगड नेहमी एका बाजूला उभे राहतात असं नाही. नीस आणखी तापला की त्यातला थोडा भाग वितळतो, पांढऱ्या नागमोडी शिरा होतात. अर्धा रूपांतरित, अर्धा अग्निज. त्याला मिग्मटाइट म्हणतात, आणि बाजारात तो चढ्या भावाने विकला जातो. पुन्हा 'ग्रॅनाइट' म्हणूनच.

पाटावरवंटा

वाचनखूण साठवली. माझ्या माहेरी, त्र्यंबकला, अजून पाटा आहे. वर्ष-दोन वर्षांनी टाकी लावायला बाई यायची. छिन्नीने ठकठक करत बारीक खड्डे पाडायची, चटणी वाटताना दाणा धरायला. लहानपणी वाटायचं कुठलीही बाजू वर केली तरी चालेल. आता कळतंय का चालायचं!

गोदाकाठची

नेमकं. दिशा नसलेला दगड कुठूनही सारखाच तुटतो. पांडवलेणीच्या लेणी कोरणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक असणार. त्रिरश्मी डोंगराच्या जाड, एकसंध थरात त्यांनी खांब, घट, प्राण्यांच्या जोड्या कोरल्या, तीन नंबरच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लांबलचक शिलालेख आहे आणि दोन हजार वर्षांनीही वाचता येतो. हीच कोरणी पाटीच्या दगडात करून बघा. स्लेट शेलपासून होतो, त्यातली अतिसूक्ष्म अभ्रकी खनिजं एका पातळीत लागलेली असतात, म्हणून तो पत्रे सुटल्यासारखा सपाट फुटतो. त्याची लेणी होणार नाहीत, पाट्या होतात. कोणाच्या माळ्यावर जुनी दगडी पाटी असेल तर तीही प्रकल्पाला चालेल.

मात्र 'रूपांतरित म्हणजे पट्टे' हे वहीत लिहू देऊ नका. संगमरवरात आणि क्वार्टझाइटमध्ये बहुतेक वेळा पट्टे नसतात. चुनखडक तापला, कॅल्साइटचे दाणे मोठे होऊन एकमेकांत गुंतले, झाला संगमरवर. दिशा दाखवायला त्यात चपटं खनिजच नाही.

उलटाही घोटाळा होतो. कसाऱ्याच्या घाटातल्या काही बेसाल्टमध्ये पांढरट फेल्स्पारचे बोटाच्या पेराएवढे, काही त्याहून मोठे स्फटिक असतात आणि कधी ते ओळीत दिसतात. तरी तो अग्निजच. जमिनीखालच्या कोठीत ते सावकाश वाढले, मग लाव्ह्याबरोबर वर आले आणि वाहताना प्रवाहाच्या दिशेला लागले. मधला काळा भाग बारीक दाण्यांचा आहे, चेपल्याची खूण नाही. अभ्यासकांनी या प्रकाराच्या एका थराला थळ घाटाचं नाव दिलंय, आणि थरांच्या एका मोठ्या गटाला इगतपुरीचं.

तर्रीबाज

अवांतर: कोळशाचा हिरा होतो ते कुठल्या खात्यात? माझ्या गाईडात रूपांतरितच्या यादीत होतं.

खुसपटकाका

कुठल्याच नाही. हिरे दीडशे किलोमीटरहून खोल, प्रावरणातल्या (भूकवचाखालच्या जाड थरातल्या) कार्बनपासून होतात आणि खूप खोलवरून येणाऱ्या किंबरलाइटसारख्या लाव्ह्याबरोबर वर येतात. बरेच हिरे जमिनीवर झाडं उगवण्याच्याही आधीचे आहेत. झाडं नाहीत तर कोळसा कुठला? कोळसा तापवला की ग्रॅफाइटकडे जातो, पेन्सिलीत घाला.

गृहिणी_गंगापूररोड

मला एवढंच सांगा, ओट्याला लिंबू सांडलं तर काय? आणि आमचा जुना ओटा कडप्प्याचा, तो यातल्या कुठल्या प्रकारचा?

गोदाकाठची

कडप्पा, शहाबादी आणि कोटा, तिन्ही चुनखडक, म्हणजे गाळाचे. लिंबू, व्हिनेगर, बाथरूम क्लीनर यांनी त्यांची झिलई जाते. संगमरवराचंही तेच, कारण चुनखडक तापला तरी कॅल्साइट कॅल्साइटच राहिलं. बेसाल्ट आणि नीस यांना लिंबाने काही होत नाही, पण हळद फटींत शिरते, लगेच पुसा.

सिडकोकर, मुलीला हा प्रयोग वहीत घालू दे. संगमरवराच्या तुकड्यावर कोपऱ्यात थोडं खरवडून त्या पुडीवर लिंबू पिळायचं, बारीक फेस येतो. डबरावर आणि ओट्याच्या तुकड्यावर काही नाही. म्हणजे दोन रूपांतरित खडक एकमेकांपेक्षा वेगळे वागले, आणि त्यातला एक बेसाल्टसारखा वागला. गाईडच्या तक्त्यातल्या ओळी का जमत नाहीत ते तिला आपोआप कळेल.

द्राक्षमळा

म्हणजे परिसरात रूपांतरित नाहीच असं धरायचं? विहीर आणखी खोल नेली तर?

खडीवाला

दादा, बोअरवाल्याचं बिल कोण देणार?

गोदाकाठची

खाली आहे. १९९३च्या भूकंपानंतर किल्लारीला बोअर घेतलं, तेव्हा ३३८ मीटरवर बेसाल्ट संपला, खाली आठेक मीटर जुना गाळ, आणि मग नीस. कोयनेच्या बोअरला ९३० मीटरच्या आसपास ग्रॅनाइट-नीस लागला. आपल्याखालीही असाच जुना तळ आहे, पण द्राक्षाच्या पैशांत तिथवर जाता येणार नाही. उघड्यावर बघायचा तर नागपूर, भंडारा, किंवा खाली सिंधुदुर्ग.

सिडकोकर

प्रकल्पाचं नाव ठरलं: 'दारातला बेसाल्ट आणि ओट्यावरचा नीस'. बाईंनी बिल मागितलं आणि त्यावर ग्रॅनाइट दिसला तर हा धागा दाखवेन. रविवारी सकाळी पोरीला घेऊन पांडवलेणीला जातोय, भिंग घेतलंय. छोटी हातोडी नेऊ का?

खुसपटकाका

अजिबात नाही! संरक्षित स्मारक आहे, आत ओरखडाही काढायचा नाही. पायथ्याशी रस्त्याच्या कडेला सुटे दगड पडलेले असतात, त्यातला ताजा फुटलेला उचला. पाण्याची बाटली न्या, पिण्यासाठी आणि दगड ओला करण्यासाठी.

खडीवाला

नाहीतर सिन्नरला या, घट्ट आणि भोकाचा, दोन्ही प्रकार देतो. फोन करून या, ब्लास्टिंग असतं तेव्हा आत सोडत नाही.